तीनशे छत्तीस फ्लॅट आणि एक दळण

चंदनसार, विरार पूर्व
गुरुवार, दुपारचे सव्वादोन

तीर्थरूप आत्माराममामा यांना,

तुमच्या संकेतचा दोन्ही हात जोडून (एका हातात पेन आहे, तेव्हा खरं तर दीड हात जोडून) नमस्कार.

मामा, परवा मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एका बाईने मला "आदी काय दळलंय?" असं विचारलं आणि त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. पण ते ओघाने येईलच. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मामींचा खोकला थांबला असेल (नसेल तर त्यांना पिठात उभं राहू देऊ नका; हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच). देवरुखला बाकी सगळे मजेत असतील असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे तेही नेहमीसारखेच आहेत. तुमची गिरणी सुखरूप आहे. हे मुद्दाम वरच लिहितो, कारण तुम्ही पत्र अर्धंच वाचता आणि उरलेल्यात हळद बांधता.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. एक तर गिरणी चालू असताना तुम्हाला फोन ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तरी पीठ लागेल म्हणून तुम्ही उचलत नाही. दुसरं म्हणजे माझ्याकडे आता फोनच नाही (तेही ओघाने येईल). तिसरं म्हणजे आत्ता माझ्यापुढे सव्वा तास आहे आणि करायला काही नाही. मी बसलोय अनुष्काच्या वडिलांच्या हॉलमध्ये. शत्रुघ्नकाका समोरच्या सोफ्यावर मांडी घालून मोबाइलवर शेअर बाजार बघतायत. मुंबईच्या ऑफिसातून मुदतीआधी निवृत्ती घेतल्यापासून सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन ते घरात असून नसतात. बाजार बंद झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नाहीत. मला त्यांनी आज साडेतीनची वेळ दिली आहे आणि मी दोनलाच येऊन बसलो, कारण मला धीर नाही. काकूंनी पाणी दिलं, जुन्या वहीची पानं दिली आणि आत जाऊन पडल्या. साडेतीन वाजता मला काकांना हो किंवा नाही सांगायचंय. हो म्हटलं तर जूनमध्ये अनुष्काशी साखरपुडा. नाही म्हटलं तर काय, ते या घरात कुणीच मला सांगितलेलं नाही. तुम्ही वडीलधारे, म्हणून सगळं नीट मांडतो, म्हणजे तुम्हाला सल्ला देता येईल.

अनुष्काचं तुम्हाला आईकडून कळलंच असेल (आईच्या तोंडून कळलेलं निम्मं सोडून द्या). मी कॉलेज अभ्यास जमेना म्हणून सोडलं, असं बाबा नातेवाइकांना सांगतात. तसं नाही. दुसऱ्या वर्षाला असताना अनुष्काला यायला दहा मिनिटं उशीर झाला आणि अर्थशास्त्राच्या सरांनी तिला दाराबाहेर उभं केलं. माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. मी उठलो, म्हटलं, ती बाहेर तर मीही बाहेर, आणि दप्तर घेऊन निघालो. पुढच्या तासाला ती आत जाऊन बसली. मी अजून बाहेर आहे. ती आता वसईला एका सीएकडे काम शिकते आणि हा विषय निघाला की एकच वाक्य बोलते: "मी सांगितलं होतं का तुला?" यावर सांगायला माझ्याकडे फक्त प्रेम आहे, मामा.

तर हे सगळं बघून तुम्ही तुमची जुनी गिरणी मला दिलीत. टेम्पोत चढवताना तुम्ही एकच गोष्ट तीनदा बजावलीत, की बाकी काही कर, पण रिकामी फिरवू नकोस, दाणा नसला की दगड दगडाला खातो. मी तीनदा हो म्हटलं होतं. गिरणी लावायची कुठे, हा प्रश्न होता, आणि तो सोडवला शत्रुघ्नकाकांनी. फेब्रुवारीत एक दिवस बाजार इतका चढला की काकांनी रद्दीवाल्यालाही बसवून चहा पाजला, असं अनुष्काने कळवलं. (त्यांच्या घरचं हवामान असंच असतं. बाजार वर असला की "बस रे, पोहे खा", खाली असला की "काय काम आहे?") मी तो मुहूर्त साधून पेढे घेऊन गेलो आणि लग्नाचं बोललो. काका हसले. गिरणी म्हटल्यावर तर फारच हसले. मग त्यांनी मोबाइलवर हिशेब मांडला. नायगावला खाडीच्या अंगाला जो नवा टॉवर झालाय त्यात त्यांनी दोन फ्लॅट घेऊन ठेवलेत. एकूण फ्लॅट तीनशे छत्तीस, सगळेच्या सगळे विकले गेलेले. घरटी पाच माणसं, म्हणजे सोळाशे ऐंशी. माणशी महिन्याला आठ किलो पीठ, म्हणजे साडेतेरा टन. "रोजचं साडेचारशे किलो दळण," काका म्हणाले, "पण मी कधीही कमीच धरतो. मे अखेरपर्यंत रोज शंभर किलो करून दाखव, मुलगी तुझी." मला तर त्या बोटाखाली पीठ पडताना दिसत होतं. टॉवरखालचा गाळा त्यांनीच ओळखीने मिळवून दिला आणि पाडव्याला आपण नारळ फोडला.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. सणाचा दिवस, म्हटलं, श्रीखंड-पुरीत असतील. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी सातला मी रस्त्यापलीकडे उभा राहून खिडक्यांतले दिवे मोजले. अकरा. त्यातले चार जिन्याचे. मग मी वॉचमनला, भूपेशला गाठलं आणि विचारलं, अरे तीनशे छत्तीस विकलेत ना? तो म्हणाला, विकलेत की. मग माणसं कुठायत? तर मामा, तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा तुम्ही गहू म्हणून बाजरीचा डबा आणणाऱ्याकडे बघता. म्हणाला, "विकलेत म्हटलं. राहतात कुठे म्हटलं?" लोकांनी फ्लॅट घेतलेत ते भाव वाढला की विकायला, आणि त्यांच्याकडून ज्यांनी घेतलेत त्यांनीही त्यासाठीच. सातशे चार नंबर आजवर चार वेळा विकला गेलाय आणि आतल्या नळांवरचं प्लास्टिक अजून कुणी काढलेलं नाही. राहणारी बिऱ्हाडं सात. त्यात तीन ठिकाणी पोरं राहतात, ती जेवण बाहेरून मागवतात. दोघांचं पीठ गावाहून येतं. एका घरी मधुमेह आहे आणि एका घरी गिरणीच्या आवाजाचा त्रास.

आता यातली गंमत ऐका (मला तेव्हा गंमत वाटली नव्हती, मी भूपेशच्या खुर्चीला लाथ मारली होती). माझ्याकडे जितकं दळण कमी, तितका वर भाव जास्त. एप्रिलमध्ये बिल्डरच्या जाहिरातीत "तळमजल्यावर पिठाची गिरणी" असं छापून आलं, बाग आणि व्यायामशाळेच्या खाली. त्यावर भाव आणखी वाढला. भाव वाढला म्हणून गाळ्याच्या मालकाने भाडं वाढवलं. मी विचारलं, का? म्हणाला, आता परिसर सुधारलाय, खाली गिरणी आहे. मी म्हटलं, ती गिरणी मीच आहे. म्हणाला, तेच सांगतोय.  

काका मात्र खूश. त्यांच्या फ्लॅटचा भाव दर आठवड्याला चढत होता. रोज संध्याकाळी पाचला ते कुणा ना कुणा गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायला घेऊन यायचे आणि लांबून मला हात करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी जवळ येऊन विचारलं, बंद का रे? आता काय सांगू? तुमच्या हिशेबातली सोळाशे ऐंशी माणसं अजून जन्मायची आहेत, असं होणाऱ्या सासऱ्याला तोंडावर सांगता येतं का? मी म्हटलं, आत्ताच थांबवली, पट्टा गरम झालाय. आणि दुसऱ्या दिवसापासून, मामा, रागावू नका, मी पाच वाजले की गिरणी सुरू करायला लागलो. नुसतीच. म्हणजे थोडीशी रिकामी. वरून काही न घालता. आवाज मात्र असा सुरेख यायचा की काका गिऱ्हाइकाला थांबवून म्हणायचे, ऐका, याला वस्ती म्हणतात. अंगावर पीठ दिसायला हवं म्हणून मी वाण्याकडून तयार पिठाचं पाकीट आणून भुवयांना लावायचो. तुमच्या भाच्यावर पीठ विकत आणायची वेळ आली, हे कृपा करून मामींना वाचून दाखवू नका. सतरा दिवस असं चाललं. सतरा दिवसांत तीन फ्लॅट गेले. एकही माणूस राहायला आला नाही.

आणि मग तो मंगळवार. काका त्या दिवशी सकाळीच आले होते (बाजाराला सुट्टी होती, म्हणून बोलतही होते) आणि बरोबर सफारी घातलेले एक गृहस्थ होते. मी नेमाने यंत्र चालू केलं. इतक्यात रिक्षा थांबली आणि पलीकडच्या गावातल्या ॲंजेला आंटी उतरल्या. साठीच्या असतील. चाळीस किलो धुऊन वाळवलेले तांदूळ, दोन पोत्यांत. भाचीचं, ज्युलीचं, पुढच्या रविवारी लग्न, रोट्यांना पीठ हवं. त्यांच्या गावातला गिरणीवाला गिरणी मोडून, त्या पैशांचा आमच्याच टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन बसलाय (राहत नाही, घेऊन बसलाय). त्यामुळे अख्खं गाव दळणासाठी रिक्षा करून स्टेशनपर्यंत जातं. माझं पहिलं गिऱ्हाईक, मामा. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तर त्यांनी पोत्याची गाठ सोडायच्या आधी विचारलं, "आदी काय दळलंय?"

हा प्रश्न तुम्हाला रोज पन्नास बायका विचारतात. गव्हावर तांदूळ घातला तर रोटी चिकट होते, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण सतरा दिवसांत मला तो कुणी विचारला नव्हता आणि खरं उत्तर होतं, काहीच नाही. मी म्हटलं, "तांदूळच, आंटी. बिनधास्त घाला." चाळीस किलो घातले. पीठ आलं ते राखाडी. आंटींनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, मग दाताखाली धरली. तो कर्र आवाज मला गिरणीच्या आवाजावर ऐकू आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरा, तू दगड दळतोस काय रे?" मग मात्र त्या शांत राहिल्या नाहीत. तांदूळ कुठले, किती दिवस वाळवले, लग्नाला किती माणसं, सगळं त्यांनी टॉवरच्या चोविसाव्या मजल्यापर्यंत पोचेल असं सांगितलं (तिथे ऐकायला कोणी नव्हतं). गर्दी जमली, म्हणजे भूपेश आला. मी रडकुंडीला येऊन सगळं कबूल केलं: इथे कुणी राहत नाही, दळण नाही, सतरा दिवस मी रिकामी फिरवतोय, भुवयांवरचं पीठ पाकिटातलं आहे.

मला वाटलं, आता काका मला खाडीत बुडवणार आणि सफारीवाले पळून जाणार. सफारीवाल्यांनी विचारलं, म्हणजे इथलं पीठ चांगलं नाही का? काका म्हणाले, दुरुस्ती चालू आहे. सफारीवाले म्हणाले, मला कुठे राहायचंय, आणि तिथल्या तिथे फ्लॅट पक्का केला. काकांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "अरे मग आधी सांगायचं नाहीस? रिकामीच चालव. धान्य नको, गिऱ्हाईक नको, कटकट नको. विजेचं बिल मी भरतो. आठवड्यातून दोनदा दगड घासून घे. जूनमध्ये साखरपुडा करू." गुरुवारी साडेतीनला उत्तर दे म्हणाले.

मी धावत अनुष्काकडे गेलो. मला वाटलं, ती म्हणेल, बाप तयार झाला, सुटलो. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, आंटींच्या तांदळाचं काय? मी म्हटलं, ते बघू नंतर. तर म्हणाली, "आधी ते भरून दे. आणि बाबांचा जावई व्हायचंय की माझा नवरा, ते तुझं तू ठरव. मी काही सांगणार नाही, नाहीतर पुन्हा माझ्यासाठी दप्तर उचलशील." मी त्याच संध्याकाळी मोबाइल विकला आणि तसलेच चाळीस किलो तांदूळ आणून, दोन पोत्यांत, तिच्या जिन्याखाली ठेवले. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोललेली नाही. म्हणजे ती खूश आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही.

तर मामा, अशी परिस्थिती आहे. एकीकडे अनुष्का, बिनकष्टाची गिरणी आणि चढता भाव. दुसरीकडे चाळीस किलो तांदूळ. तुम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत. मी काय उत्तर देऊ? तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. मामींना नमस्कार, मामेभावंडांना जे काय द्यायचं ते तुम्हीच द्या.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी खरंच),
संकेत

ता. क. १: तीन वाजले. आत्ता लक्षात आलं की पत्र तुम्हाला मिळायला दोन-तीन दिवस लागणार, म्हणजे सल्ला साडेतीनच्या आत पोचत नाही. त्यामुळे खरं सांगून टाकतो. आज सकाळी सहा वाजताच मी भाजीच्या टेम्पोत घालून गिरणी नायगावहून हलवली. भूपेशने खालून उचलून धरली. काकांना अजून माहीत नाही.

ता. क. २: वर "सुखरूप आहे" असं लिहिलंय, ते लोखंडी भागाबद्दल होतं. वरचा दगड थोडा तडकलाय. थोडा म्हणजे आरपार. तुमच्याकडे मागच्या पडवीत जुना दगड आहे, तो आणि टाकी-हातोडी घेऊन तुम्ही स्वतः बुधवारपर्यंत या, एवढ्यासाठीच हे पत्र. इथे दगडाला टाकी लावणारा माणूस राहिलेला नाही, आणि मी लावली तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. नायगाव टॉवरला जाऊ नका. स्टेशनवर रिक्षावाल्याला ॲंजेला आंटींचं घर विचारा. मंगळवारी ओरडून झाल्यावर त्यांनीच मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे आण ती. पडवी पडूनच हाय, आनि खानारी मानसं पन हायत." ज्युलीचं लग्न झाल्यावर मामींसाठी फुगे (हवेचे नव्हेत, त्यांच्या लग्नात करतात ते तळलेले) बांधून देणार आहेत.

ता. क. ३: तीन सत्तावीस. अनुष्का (आज रजा टाकून घरीच आहे) आतून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही. खुंटीवरचं हेल्मेट घेतलं, काकांना म्हणाली, "मी जाऊन येते. स्कूटरवर तांदळाचं पोतं आहे, दुसरं धरायला कुणीतरी लागेल." काका मोबाइलमधून वर न बघता म्हणाले, वॉचमनला सांग. ती म्हणाली, बरं, आणि गेली. मामा, दोन हेल्मेटं होती. दोन्ही नेलीत.

ता. क. ४: तीन पस्तीस, उभ्याने लिहितोय. बाजार बंद झाला, काका म्हणाले, बोल. मी म्हटलं, नाही. गिरणी गावात नेली, तिथे दाणा घालून चालवणार. मला वाटलं ओरडतील, मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. त्यांनी मोबाइल सोफ्यावर उलटा ठेवला. मग म्हणाले, "जाहिरातीत छापून गेलंय रे." आणि मग अगदी काळजीने विचारलं, "तो आवाज रेकॉर्ड करून ठेवलायस का? खाली स्पीकर लावता येईल." मी म्हटलं, मोबाइल विकला. खालून स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजलाय. निघतो. दार आपटून जायचं, हे मी मंगळवारपासून ठरवलं होतं, पण आत एसी चालू आहे आणि काकू झोपल्यात, म्हणून नुसतं ओढून घेतो.